गणपतराव बोडस : गायकांच्या राज्यातील नट



ज्या १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’ उभे करून मराठी संगीत नाटकाची मुहूर्तमेढ रोवली, त्याच साली गणेश गोविंद बोडस यांचा जन्म झाला. हा निव्वळ योगायोग. पण पुढे या गृहस्थाचे सारे उमेदीचे आयुष्य त्याच नाटकाच्या सेवेत गेले. आणि मौज अशी की, त्या नाटकाचे जे मुख्य भांडवल, म्हणजे गाता गळा, त्यावर त्यांची मदार कधीच नव्हती.

त्या काळचे नाटक रात्रभर चाले. पदाला ‘वन्स मोअर’ मिळे, पुन्हा मिळे, आणि कथानक बिचारे विंगेत ताटकळत उभे राही. दोन पदांमध्ये जे गद्य येई, ते पुष्कळ प्रेक्षकांना पान जुळविण्याची सवड वाटे. अशा ठिकाणी बोलण्याच्या बळावर प्रेक्षकाला खिळवून ठेवावयाचे, हे बोडसांच्या वाट्याला आलेले काम. लहान वयातच ते किर्लोस्कर नाटक मंडळीत शिरले. तेथे गोविंद बल्लाळ देवलांसारखा तालीम मास्तर होता. शब्द कोठे तोडावा, कोठे गिळावा, हे देवल घोटून घेत. मला वाटते, बोडसांची खरी शाळा हीच.

१९११ साली खाडिलकरांचे ‘मानापमान’ आले. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर नानासाहेब जोगळेकर, दोघेही गाणारे. त्यांच्यात बोडस लक्ष्मीधर झाले : दागिन्यांनी मढलेला, भित्रा, धनाढ्य. हा लक्ष्मीधर नुसता विदूषक केला तर नाटक कोसळते; कारण पैशाला मान द्यावा की पराक्रमाला, हा त्यातला वाद, आणि पैशाची बाजू अंगावर वागविणारा पुरुष तोच. ही भूमिका बोडसांच्या नावाशी कायमची जोडली गेली. ‘सौभद्रा’तला त्यांचा कृष्ण तर पुन्हा वेगळ्याच घराण्यातला.

आम्हां संघटनेच्या माणसांची एक खोड आहे. कारखान्यात शिरले की, नजर यंत्राकडे नंतर जाते, हजेरीपटाकडे आधी. नाटक मंडळी हाही एक कारखानाच होता. नट, साथीदार, पडदेवाले, आचारी असे मोठे बिऱ्हाड गावोगाव फिरे. एका पंगतीत जेवे. पण मालक थोडे आणि पगारी नोकर फार. १९१३ साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि बोडस किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि तिघांच्या भागीदारीत ‘गंधर्व नाटक मंडळी’ निघाली. काम करणारेच मालक झाले. आजही ही गोष्ट मला त्या साऱ्या इतिहासात मोठी वाटते. लोक मात्र तिची आठवण फक्त शालू आणि अत्तरे यांच्यासाठी ठेवतात.

या मंडळीतच बोडसांच्या दोन मोठ्या भूमिका झाल्या. दोन्ही नाटकांचे प्रयोग पाहावयास त्यांचे लेखक राहिले नव्हते. ‘संशयकल्लोळ’ १९१६ साली रंगभूमीवर आले. देवल त्याच वर्षी वारले. ‘एकच प्याला’ फेब्रुवारी १९१९ मध्ये बडोद्यास झाले. गडकरी जानेवारीत गेले. लेखकाला विचारण्याची सोय नाही; जे काय ते कागदावर आणि नटाच्या अंगात!

फाल्गुनराव हा संशयी नवरा. बायकोच्या हाती परक्या पुरुषाची तसबीर पाहतो आणि त्याचे डोके फिरते. ही भूमिका वरून सोपी दिसते, पण नटाने प्रेक्षकांकडे बघून एकदा डोळा मिचकावला की, ती मेली. फाल्गुनरावाचा संशय त्याला स्वतःला खराच वाटला पाहिजे. तेव्हा आपण हसतो.

सुधाकराचे उलट. बुद्धिमान वकील, कोर्टात अपमान होतो, सनद जाते, आणि तळीराम पहिला प्याला पुढे करतो. त्यापुढे घराची एकेक वीट निखळत जाते. काल ज्याने लक्ष्मीधर म्हणून हसविले, त्यानेच आज आपल्या पोराच्या जिवावर उठणारा बाप उभा करावयाचा, आणि समोर सिंधूच्या वेषात बालगंधर्व! पगाराच्या संध्याकाळी गुत्त्याच्या दाराशी उभे राहून निम्मी रक्कम तरी घरी पोचावी म्हणून ज्यांनी खटपट केली आहे, त्यांना हे नाटक एका वकिलापुरते वाटत नाही. सुधाकर वाईट नाही, हेच त्यातले भयंकर. त्याला खलपुरुष करणारा नट प्रेक्षकाची सुटका करतो.

भागीदारी मात्र टिकली नाही. टेंबे आधी निघाले, पुढे बोडसही. बालगंधर्व एकटे मालक झाले आणि कर्जाचा डोंगरही त्यांच्याच डोक्यावर आला. कोणी स्वभावांना दोष देतात. माझे मत निराळे आहे. कागदावर भागीदार तीन असले तरी तिकीट खपे ते एकाच नावावर, आणि खर्चाचा हातही त्याच नावाच्या थाटाला बांधलेला. अशा ठिकाणी हिशेब मागणारा माणूस अरसिक ठरतो.

पुढे बोलपट आला, मंडळ्या बसल्या, मासिक पगार जाऊन ‘नाइट’चा व्यवहार सुरू झाला. बोडसांनी आपली हकीकत ‘माझी भूमिका’ या नावाने १९४० साली लिहून ठेवली. संगीत नाटक अकादमीने १९५५ साली बालगंधर्वांना गौरविले, १९५६ साली बोडसांना. १९६५ साली ते वारले. ‘संशयकल्लोळ’ आजही होते. पदे थोडी कमी करतात, फाल्गुनरावाचे बोलणे बहुधा तसेच ठेवतात.