मोडशी

पटकीला, म्हणजे कॉलऱ्याला, जुन्या मराठीत आणि कोकणीत ‘मोडशी’ म्हणत. ‘मोडणे’ या धातूशी जोडला जाणारा हा शब्द रोग्याचे अंग मोडून टाकणाऱ्या वांत्यांना आणि जुलाबांना फार नेमका लागू पडतो. गोव्यातील पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली छापलेल्या ग्रंथात तो नोंदवला, पोर्तुगिजांनी त्याचे ‘मोर्देशीं’ केले आणि फ्रेंचांनी त्यावरून ‘कुत्र्याचे मरण’ अशा अर्थाचा, मुळाशी संबंधच नसलेला शब्द घडवला. नोव्हेंबर १८१७ मध्ये, दौलतराव शिंद्यांशी इंग्रजांचा ग्वाल्हेरचा तह झाला त्याच सुमारास, गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जच्या फौजेत या रोगाची साथ पसरली.

या रोगाच्या जंतूला रसायनानुचलन, म्हणजे विरघळलेल्या रसायनाच्या कमी-अधिक प्रमाणानुसार दिशा धरणे, साधते. त्याची ग्राही प्रथिने सेरीनसारखी अमिनो आम्ले ओळखतात. देह अतिसूक्ष्म असल्याने तो आताचे प्रमाण क्षणापूर्वीच्या प्रमाणाशी ताडतो, आणि ते वाढत असेल तर त्याची एकुलती कशाभिका, म्हणजे शेपटीसारखा फिरता तंतू, त्याला पुढेच नेत राहते, घटत असेल तर ती उलट फिरून दिशा बदलते. विलक्षण गोष्ट अशी की, उंदरांच्या पिलांवरील प्रयोगांत हे दिशाभान हरवलेले काही जंतू मूळ जंतूंपेक्षा अधिक फोफावले, कारण एरवी बव्हंशी मोकळा राहणारा लहान आतड्याचा वरचा भागही त्यांनी व्यापला.