कादंबरींतला फेगिन आणि पडद्यावरचा फेगिन

एखादी गाजलेली कादंबरी पडद्यावर आली म्हणजे सुशिक्षित मंडळींत एक प्रश्न हटकून निघतो : चित्रपट मूळ ग्रंथाशीं कितपत प्रामाणिक आहे ? ग्रंथांतील पात्रें, प्रसंग आणि वातावरण जसेंच्या तसें उतरलें असेल तर दिग्दर्शकाची पाठ थोपटावयाची आणि त्यांत फेरफार दिसला तर नाकें मुरडावयाचीं, असा आपला सामान्य रिवाज आहे. हा प्रामाणिकपणा नेहमींच गुण ठरतो काय, याचा विचार आपण फारसा करीत नाहीं. तो करावयास लावणारी एक हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. ती आहे चार्लस् डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ या कादंबरीची आणि डेव्हिड लीन यानें 1948 सालीं तिच्यावरून काढलेल्या चित्रपटाची.

ही कादंबरी ‘बेंटलीज मिसेलनी’ या मासिकांतून फेब्रुवारी 1837 पासून एप्रिल 1839 पर्यंत क्रमशः प्रसिद्ध झाली. ती सुरू झाली तेव्हां डिकन्स अवघा पंचवीस वर्षांचा होता. इंग्लंडांत 1834 सालीं गरिबांसंबंधीं नवा कायदा झाला होता. धडधाकट गरिबाला घरबसल्या मदत देऊं नये, त्यानें अनाथगृहवजा कामशाळेंत यावें, आणि तेथील जिणें इतकें कष्टाचें असावें कीं गत्यंतर असलेला मनुष्य तिकडे फिरकूंच नये, असें त्या कायद्याचें धोरण होतें. तेथें नवराबायकोची ताटातूट होई आणि अन्न पोटापुरतेंहि मिळत नसे. या धर्मादायी क्रौर्यावर डिकन्सनें कोरडा ओढला. पेजेचा आणखी एक वाडगा मागणारा पोरका ऑलिव्हर त्यामुळें साऱ्या जगाला ओळखीचा झाला.

पण त्याच कादंबरींत फेगिनहि आहे. लंडनच्या गलिच्छ वस्तींत मुलांना जवळ करून त्यांना खिसे कापावयास शिकविणारा आणि त्यांच्या चोरीवर गबर होणारा हा म्हातारा डिकन्सनें यहुदी दाखविला. इतकेंच नव्हे तर नांवाऐवजीं ‘तो यहुदी’ असा त्याचा उल्लेख शेकडों वेळां केला. जॉर्ज क्रुइकशँक या प्रख्यात चित्रकारानें कादंबरीसाठीं जीं चित्रें काढलीं, त्यांत फेगिनला बांकदार नाक, विसकटलेली दाढी आणि अधाशी डोळे दिले. एका गुन्हेगाराचा चेहरा अशा रीतीनें एका संबंध जमातीचा चेहरा म्हणून वाचकांच्या मनांत ठसला.

पुढें जें घडलें तें डिकन्सला भूषणावह आहे. 1860 सालीं त्यानें लंडनमधील आपलें टॅव्हिस्टॉक हाउस हें घर जेम्स डेव्हिस नांवाच्या यहुदी गृहस्थाला विकलें. या गृहस्थाची पत्नी एलायझा डेव्हिस हिनें 1863 सालीं डिकन्सला पत्र लिहिलें आणि फेगिनच्या रूपानें आपल्या समाजावर मोठा अन्याय झाला आहे असें विनयानें पण स्पष्टपणें कळविलें. प्रथम डिकन्सनें आपली बाजू सांवरून धरली. कथेंतील काळीं अशा धंद्यांत बहुधा यहुदीच असत, शिवाय कादंबरींतील इतर दुष्ट पात्रें ख्रिस्तीच आहेत, असें त्याचें म्हणणें होतें. परंतु बाईंचा शब्द त्याच्या मनाला लागला असावा. ‘अवर म्यूच्युअल फ्रेंड’ या 1864-65 मधील कादंबरींत त्यानें राया नांवाचा एक सज्जन यहुदी मुद्दाम घातला, आणि 1867 सालच्या आवृत्तींत ‘ऑलिव्हर ट्विस्ट’च्या उत्तरार्धांतील ‘यहुदी’ हा शब्द ठिकठिकाणीं काढून ‘फेगिन’ असें नांव घातलें. कीर्तीच्या शिखरावर असलेल्या लेखकानें एका वाचक स्त्रीच्या तक्रारीवरून आपलें जुनें लेखन दुरुस्त करावें, हें साहित्याच्या इतिहासांत क्वचितच आढळतें. मात्र दुरुस्ती झाली ती शब्दांची. क्रुइकशँकचें चित्र होतें तसेंच राहिलें.

आतां चित्रपटाकडे वळूं. 1946 सालीं ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ पडद्यावर आणून लीननें मोठें यश मिळविलें होतें. दोन वर्षांनीं आलेला ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ कलेच्या दृष्टीनें त्याहून उणा नव्हता. आरंभींच वादळांत सांपडलेली एक गर्भवती स्त्री माळ तुडवीत कामशाळेच्या दिव्याकडे जातांना दिसते. कित्येक मिनिटें एक शब्दहि उच्चारला जात नाहीं. हा प्रसंग कादंबरींत नाहीं. नॅन्सीची भूमिका करणाऱ्या के वॉल्श या नटीची ती कल्पना. नॅन्सीचा खून होतो तेव्हां आपल्याला दिसतो तो दार ओरबाडीत बाहेर पडण्यासाठीं तडफडणारा कुत्रा. हत्या पडद्याआड राहते आणि म्हणूनच अंगावर कांटा येतो. गाय ग्रीनचें छायालेखन आणि जॉन ब्रायननें उभें केलेलें काळवंडलेलें लंडन यांची स्तुति करावी तेवढी थोडीच.

फेगिनचें काम ॲलेक गिनेस या तरुण नटानें केलें. त्याला ही भूमिका द्यावी असें लीनच्या स्वप्नांतहि नव्हतें. पण गिनेसनें आग्रह धरून वेषभूषेची परीक्षा द्यावयाचें ठरविलें आणि रंगून समोर आला तेव्हां लीनचा विरोध मावळला. स्टुअर्ट फ्रीबॉर्न या रंगभूषाकारानें क्रुइकशँकचीं चित्रें समोर ठेवून तें अवाढव्य नाक बनविलें होतें. अमेरिकेंतील चित्रपट-नियंत्रकांनीं यहुदी समाजाला दुखवूं नये अशी सूचना आधींच दिली होती. पण मूळ चित्रांशीं इमान राखण्याच्या उत्साहांत तिचा उपयोग झाला नाहीं. चित्रपटांत फेगिनला कोणीहि यहुदी म्हणत नाहीं. तें म्हणण्याची आवश्यकताच उरली नव्हती.

फेब्रुवारी 1949 मध्यें हा चित्रपट बर्लिनच्या ब्रिटिश विभागांत लागला. युरोपांतील युद्ध संपून चार वर्षेंहि झालीं नव्हतीं. सुमारें साठ लक्ष यहुदी स्त्रीपुरुषांचा आणि मुलांचा संहार झाला होता, आणि त्या संहाराची पूर्वतयारी म्हणून नाझींनीं वर्तमानपत्रांतून आणि चित्रपटांतून हेंच नाक, हीच दाढी, हेच अधाशी डोळे वर्षानुवर्षें जर्मन जनतेपुढें नाचविले होते. छळछावण्यांतून वांचलेले यहुदी चित्रगृहासमोर जमले, पोलिसांशीं झटापट झाली आणि अखेर खेळ बंद करावे लागले. अमेरिकेंत चित्रपट 1951 पर्यंत लागूं शकला नाहीं, आणि लागला तोहि फेगिनच्या दृश्यांना कात्री लावून.

येथें कांहीं रसिक म्हणतील कीं हा कलेवर अन्याय झाला. लीनच्या मनांत द्वेष नव्हता आणि गिनेसचा अभिनय तर अप्रतिम आहे. दोन्ही गोष्टी आम्हांला मान्य आहेत. परंतु दिग्दर्शक प्रामाणिक राहिला तो कोणत्या डिकन्सशीं, हा आमचा प्रश्न आहे. 1867 मधील डिकन्स आपली चूक ओळखून ती पुसूं पाहत होता. लीननें त्याला ओलांडून तीस वर्षें मागच्या चित्राशीं इमान राखलें. शिवाय तें इमानहि पुरतें नाहीं. कादंबरीच्या उपान्त्य प्रकरणांत फांशीच्या आदल्या रात्रीं कोठडींत भ्रमिष्ट झालेला फेगिन आपल्याला दिसतो, आणि त्याच्या पापांची जाणीव असूनहि मन द्रवल्यावांचून राहत नाहीं. ही कोठडी चित्रपटांत नाहीं. नाक घेतलें आणि माणूस सोडला, असा हा व्यवहार झाला. मे वर्षानुवर्षांचा आळ पुसावयाचा असेल तर कोठडीच अधिक उपयोगी पडली असती.

आपल्याकडील वाचकाला या वादाची धग चटकन् जाणवत नाहीं, याला एक चांगलें कारण आहे. कोंकणांतील बेने इस्रायल लोक शतकानुशतकें आपले शेजारी म्हणून राहिले. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवार पाळीत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची घरची भाषा मराठी आणि आडनांवें आपल्याच गांवांचीं. त्यांच्यापैकींच डेव्हिड अब्राहम चेऊलकर यांनीं 1954 मधील ‘बूट पॉलिश’ चित्रपटांत जॉन चाचाची भूमिका केली. झोपडपट्टींतल्या दोन पोरक्या भावंडांना भीक मागण्यापासून परावृत्त करून स्वतःच्या श्रमावर जगावयास शिकविणारा तो म्हातारा ज्यांनीं पाहिला, त्यांना तो विसरणें शक्य नाहीं. पोरकीं मुलें आणि त्यांना धडे देणारा म्हातारा हीच जोडी तेथेंहि आहे. पण धडे अगदीं उलट आहेत.

लीनचा चित्रपट आज संपूर्ण स्वरूपांत पाहावयास मिळतो आणि तो पाहावा असेंच आम्ही सांगूं. मुलांना तो दाखवितांना मात्र एलायझा डेव्हिस या बाईंनीं लिहिलेल्या पत्राची गोष्ट घरांतील वडील माणसांनीं आधीं सांगावी. डिकन्सला जें पटलें तें आपल्या मुलांनाहि पटेल.