साथरोग आणि शुश्रूषकांचे संरक्षण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

साथीच्या काळात शुश्रूषा करणाऱ्यांचे संरक्षण कसे व्हावे, हा प्रश्न १८९६ च्या प्लेगने महाराष्ट्रापुढे उभा केला. पुण्याजवळ डॉ. यशवंत फुले यांच्या दवाखान्यात रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पिसवांमार्फत प्लेग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत प्रयोगाने दाखविले ते १८९८ मध्ये. तोपर्यंत संरक्षण नेमके कशापासून करावयाचे, हेच अज्ञात होते.

१९१०-११ मध्ये मांचुरियात फुफ्फुसाचा प्लेग उद्भवला. तो श्वासावाटे पसरतो हे ओळखून डॉ. वू लियन-तेह यांनी कापूस व जाळीदार कापडाची मुखपट्टी रूढ केली. ती नाकारणारे फ्रेंच डॉक्टर मेस्नी प्लेगनेच दगावले.

कोविडकाळात, २०२० मध्ये, तैवानचे डॉ. लाय शिएन-युंग यांनी श्वासनलिकेत नळी घालताना रुग्णाच्या डोक्यावर ठेवावयाची पारदर्शक पेटी तयार केली. ती जगभर पोहोचली. परंतु तीत दूषित हवा ओढून घेण्याची सोय नव्हती व डॉक्टरांचे हातही अडखळत. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा पेट्यांना दिलेली तातडीची परवानगी मागे घेतली.

सारांश, केवळ आडोसा म्हणजे संरक्षण नव्हे. रोगप्रसाराचा मार्ग ओळखून, पारखून घेतलेले साधनच शुश्रूषकाला तारते. सावित्रीबाईंच्या त्यागाचा गौरव करणाऱ्या समाजाने ग्रामीण रुग्णालयातील परिचारिकेपर्यंत असे साधन पोहोचविणे, हीच त्या त्यागाची खरी जाण होय.