एक तिकीट, दोन कंपन्या आणि चुकलेलं विमान

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्या फजितीपासून.

युरोपला जाताना चार हजार रुपये वाचवायला मी दोन कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं काढली. पहिलं विमान अडीच तास उशिरा पोचलं, तोवर दुसरं उडालं होतं. काउंटरवरची बाई शांतपणे म्हणाली, "सर, तुमचं पहिलं विमान आमचं नाही." नवीन तिकिटाला अडतीस हजार गेले. माझ्यामागे रांगेत एक काकू होत्या. विमानं तीच, कंपन्या त्याच दोन, पण तिकीट एकच. त्यांना हॉटेल मिळालं आणि सकाळचं विमानही. फुकट!

हा फरक आला कुठून?

चला, १९३२ मध्ये जाऊ. १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादला थांबून जुहूला उतरले. तिथून पुढे मद्रासपर्यंत ते टपाल नेव्हिल व्हिन्सेंटनी नेलं. आणि कराचीपर्यंत? ते लंडनच्या इंपीरियल एअरवेजनं आणायचं. म्हणजे पाकीट एक, विमानकंपन्या दोन. पत्र पाठवणाऱ्याला मधल्या कराचीची काळजीच नव्हती, कारण पूर्ण प्रवासाची जबाबदारी टपालखात्याची.

पत्राचं ठीक. माणसाचं काय?

त्याचं उत्तर तीन वर्षं आधीच, १९२९ च्या वॉर्सा करारात लिहिलं गेलं होतं. अनेक कंपन्यांनी एकामागोमाग केलेली वाहतूक सगळ्यांनी मिळून एकच प्रवास म्हणून ठरवली असेल, तर कायद्यानं ती एक अखंड वाहतूक. भारी ना? पण मेख पुढे आहे. प्रवाशाला उशीर झाला तर दावा करायचा तो ज्या कंपनीच्या टप्प्यात उशीर झाला तिच्यावरच. पहिल्या कंपनीनं पूर्ण प्रवासाची हमी स्पष्टपणे घेतली असेल तरच तिच्यावर. बॅग हरवली तर मात्र पहिली कंपनी, शेवटची कंपनी किंवा जिच्या ताब्यात हरवली ती, कुणालाही धरा. म्हणजे मालकापेक्षा बॅगेचे हक्क जास्त! १९९९ च्या माँट्रियल करारातही ही रचना कायम राहिली. त्यात भारत २००९ मध्ये सामील झाला.

कायदा झाला, पण पैशांचं काय? एकीनं विकलेल्या तिकिटावर दुसरीनं का न्यावं? १९४५ मध्ये हवाना इथे विमानकंपन्यांची आयाटा ही संघटना उभी राहिली. १९४७ मध्ये तिनं लंडनला क्लिअरिंग हाउस सुरू केलं. कोण कुणाला किती देणं लागतं, याची वजाबाकी एका ठिकाणी होऊ लागली. आपल्या यूपीआयमागे बँकांचा हिशोब होतो ना, तसंच काहीसं. काकूंचं तिकीट या हिशोबावर उभं होतं.

आता २०१९. काही प्रवासी प्रागहून अबू धाबीमार्गे बँकॉकला निघाले होते. सगळं बुकिंग चेक एअरलाइन्सकडे, एकच. तिचं विमान वेळेवर पोचलं. पुढचं, एतिहादचं, आठ तासांहून जास्त रखडलं. चेक कंपनी म्हणाली, आमची काय चूक? युरोपीय न्यायालयानं सांगितलं: बुकिंग एक, तर प्रवास एक, भरपाई तुम्ही द्या, नंतर दुसरीकडून वसूल करा. आपसातलं भांडण त्यांचं, प्रवाशाचं नाही.

पाकिटाला १९३२ मध्ये जे मिळत होतं, ते माणसाला मिळायला इतकी वर्षं लागली. आणि हा निकाल युरोपच्या नियमांपुरता. सगळीकडे तो लागू नाही.

म्हणून पुढच्या वेळी स्वस्त तिकीट दिसलं की आधी बघा: पूर्ण प्रवास एकाच बुकिंगवर आहे का? वेबसाइटवर पैसे एकदाच भरले म्हणजे तिकीट एकच असतं, असं नाही. 'सेल्फ ट्रान्सफर' लिहिलं असेल, तर मधली जोखीम तुमची. आणि तिकीट एकच असूनही विमान चुकलं, तर आधी उशीर करणाऱ्या कंपनीचा काउंटर गाठा. नवीन तिकीट त्यानंतर.

माझे अडतीस हजार गेले ते गेले. तुमचे वाचले तर हा भाग सार्थकी लागला. भेटूया पुढच्या भागात!