‘पोतराज’ शब्दाचा अर्थ

सोलापुरांत नव्या पेठेसारख्या बाजारीं मराठी व तेलुगु दोन्ही भाषा कानीं पडतात. तेथें ‘पोतराज’ शब्दाचा उलगडा सहज होतो. स्वतःच्या अंगावर आसूड ओढणाऱ्या ह्या मरीआईच्या भक्ताचें नांव कित्येक ‘पोत’ म्हणजे देवीपुढील पलिता ह्यावरून काढितात. परंतु पोत घेऊन हिंडतो तो भुत्या; पोतराजाचें लक्षण कोरडा. तेलुगूंत ‘पोतु’ म्हणजे नर पशु व ‘राजु’ म्हणजे राजा. पोतुराजु हा ग्रामदेवतांचा भाऊ, आणि तेलंगणांतील बोनालु उत्सवांत तोही आसूड ओढतो. सबब शब्द तेलुगूंतील दिसतो. त्यांत वेदनेची हौस नाहीं. पटकीसारख्या सांथींत गांवची इडापिडा अंगावर घेणें हें त्याचें काम. जुन्या कागदांत हा शब्द आल्यास ‘मशालजी’ असा अर्थ लावूं नये.