लेपांतील अनुक्त : जुन्या मुखलेपांच्या व आजच्या क्रीमांच्या द्रव्ययाद्या कशा वाचाव्या

जुन्या दप्तरांचे रुमाल सोडले असतां ताळेबंद, पत्रें व वंशावळी यांच्याबरोबर औषधांच्या याद्यांचे सुटे कागदही हातीं येतात, हें संग्राहकांस नव्यानें सांगावयास नको. त्यांत चेहऱ्यावरील वांगावर, मुरुमांवर किंवा टांचांच्या भेगांवर लावावयाचे लेप पुष्कळ असतात. अशा कागदांची वाट दोन प्रकारें लागते. कांहीं जण ते निरुपयोगी म्हणून बाजूस टाकतात. कांहीं जण त्यांतील वनस्पतींचीं नांवें वाचून हर्षभरित होतात आणि आजच्या बाजारांतील क्रीमपेक्षां हा लेप सरस, असा निकाल देऊन मोकळे होतात. आमच्या मतें दोन्ही पक्ष यादी न वाचतांच बोलतात. द्रव्यांची यादी म्हणजे योग नव्हे. यादींत जें लिहिलेलें नसतें, म्हणजे शास्त्रकार ज्यास 'अनुक्त' म्हणतात, तें भरून काढण्याचे नियम ठाऊक असल्यावांचून दोन लेपांची तुलना होऊं शकत नाहीं. हे नियम जुन्या लेपास एक व आजच्या क्रीमच्या डबीस दुसरे आहेत, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम एक प्रसिद्ध उदाहरण घेऊं. मराठींतील 'वांग' हा शब्द संस्कृत 'व्यंग' यापासून आला आहे. इ. स. १३०० च्या सुमारास झालेल्या शार्ङ्गधराच्या संहितेंत उत्तरखंडाचा ११ वा अध्याय लेपांस वाहिलेला असून त्यांत व्यंगावर सात द्रव्यांचा एक लेप दिला आहे : रक्तचंदन, मंजिष्ठ, कुष्ठ म्हणजे कोष्ठ, लोध्र, प्रियंगु, वडाचे कोंवळे अंकुर आणि मसूर. आजच्या डबीवरील यादी वाचण्याची संवय असलेला मनुष्य म्हणेल कीं, रक्तचंदन पहिलें आलें म्हणून तें सर्वांत अधिक व मसूर शेवटीं म्हणून सर्वांत कमी. हें अनुमान सर्वस्वी चुकीचें आहे. श्लोकांतील क्रम छंदानें ठरतो, वजनानें नव्हे. लघुगुरूंच्या सोयीनें जें नांव जेथें बसलें तेथें तें आलें. प्रमाणाविषयीं शार्ङ्गधराचा नियम निराळा आहे आणि तो पूर्वखंडाच्या आरंभींच सांगितलेला आहे : भाग न सांगितल्यास सर्व द्रव्यें समभाग घ्यावीं, वनस्पतीचें अंग न सांगितल्यास मूळ घ्यावें, पात्र न सांगितल्यास मातीचें घ्यावें. म्हणजे आमच्या यादींत मसूर व रक्तचंदन यांचा अधिकार सारखा आहे.

याच परिभाषेंत चंदनासंबंधीं एक नियम आहे, तो तर हस्तलिखितांच्या वाचकानें गांठीं बांधून ठेवण्यासारखा आहे. चूर्ण, स्नेह, आसव व लेह यांत नुसतें 'चंदन' म्हटलें तर बहुधा पांढरें चंदन घ्यावें; काढा व लेप यांत बहुधा रक्तचंदन घ्यावें. वरील योगांत ग्रंथकारानें रक्तचंदन असें स्पष्टच म्हटलें आहे. परंतु जेथें नुसतें 'चंदन' आहे तेथें तोच शब्द तेलाच्या पाठांत एक झाड दाखवितो व लेपाच्या पाठांत दुसरें. श्वेतचंदन सुगंधी आहे. रक्तचंदन हें निराळ्या कुळांतील झाड असून त्याला रंग आहे, तसा वास नाहीं. ज्यानें दोन्ही ठिकाणीं एकच चंदन वाचलें, त्याची तुलना तेथेंच संपली.

दुसरी अडचण पर्यायांची. वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत सूत्रस्थानाच्या २२ व्या अध्यायांत सहा ऋतूंचे सहा मुखलेप आहेत. वसंताच्या लेपांत 'हिम' आहे व ग्रीष्माच्या लेपांत 'चंदन' आहे. परंतु हिम म्हणजे येथें चंदनच. ग्रीष्मांत 'मधुक' आहे व शरदांत 'यष्टी', दोन्ही ज्येष्ठमध. वर्षाऋतूंत 'तगर' आहे व शरदांत 'नत', दोन्ही तगरच. नांवें मोजणारास सहा द्रव्यें दिसतील, निघंटु जाणणारास तीन. याच्या उलट एका नांवाखालीं दोन द्रव्यें लपतात. 'मधुक' यांतील उकार दीर्घ झाला तर 'मधूक' होतो, आणि ज्येष्ठमधाच्या जागीं मोहाचें झाड येतें. ऱ्हस्वदीर्घाविषयीं आमच्या जुन्या लेखकांची बेफिकिरी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस या एका मात्रेचें मोल सांगावयास नको. मोडी कागदांत तर ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा पाळलेलाच नसतो. तेथें संदर्भावरूनच निर्णय करावा लागतो.

प्रमाण बदललें म्हणजे वस्तु बदलते, ही गोष्ट आमच्या पूर्वजांस चांगली अवगत होती. वराहमिहिरानें इ. स. च्या ६ व्या शतकांत बृहत्संहितेंत गंधयुक्तीचा स्वतंत्र अध्याय लिहिला. त्यांत १६ द्रव्यांपैकीं चार चार घेतल्यास १८२० गट होतात, असें तो सांगतो. पुढें त्याच चार द्रव्यांचे एक, दोन, तीन व चार असे भाग आलटून पालटून घेऊन प्रत्येक गटाचे ९६ प्रकार तो धरतो व एकंदर १,७४,७२० गंधांची संख्या देतो. नांवें तींच असून निव्वळ भागांच्या फेरानें इतकें वैचित्र्य होतें, असें मानणारा ग्रंथकार केवळ द्रव्यांच्या नांवांवरून दोन योग सारखे कधींच म्हणणार नाहीं.

आतां आधारद्रव्याकडे वळूं. कारण लेप, तेल व क्रीम यांतील खरा भेद तेथें आहे. लेपास आधार पाण्याचा किंवा दुधासारख्या द्रवाचा. तो जाडही असे. मुखलेपाचे दोषघ्न, विषघ्न व वर्ण्य असे तीन प्रकार सांगून त्यांची जाडी अनुक्रमें पाव, एकतृतीयांश व अर्धा अंगुळ दिली आहे. म्हणजे कांति देणारा लेप जवळजवळ एक सेंटिमीटर जाड होई. तो ओला असेपर्यंतच ठेवावा, वाळला तर उलट कांति बिघडवितो, असेंही बजाविलें आहे. आजचें क्रीम पातळ थरानें चोळून जिरवितात व दिवसभर ठेवितात. एकाच द्रव्याचा या दोन रीतींनीं सारखा परिणाम होईल, अशी अपेक्षा करणें व्यर्थ आहे. सिद्धतेलाची गोष्ट आणखी निराळी. तेथें अनुक्त प्रमाण कल्क एक भाग, स्नेह चार भाग व द्रव सोळा भाग असें आहे. परंतु पाक पुरा होतांना पाणी आटून जातें व उरतें तें तेलच.

पाणी व स्नेह हे एकत्र नांदविणें, हें क्रीमचें वैशिष्ट्य होय. पाश्चात्य परंपरेंत मेण, तेल व गुलाबपाणी यांच्या अशा मिश्रणाचें श्रेय इ. स. च्या २ ऱ्या शतकांतील वैद्य गॅलेन यास देतात. कोल्ड क्रीमचें मूळ तेंच. त्यांतील पाणी उडून जातांना त्वचेस गारवा वाटतो, म्हणून तें नांव. आमच्याकडे त्याच्या सर्वांत जवळचा पदार्थ म्हणजे शतधौत घृत. तूप पाण्यानें शंभर वेळां धुतलें असतां तें पांढरें व मऊ होतें, कारण फेटतांना पाण्याचे सूक्ष्म कण त्यांत अडकून राहतात. पुढें १९ व्या शतकाच्या अखेरीस आलेलें 'स्नो' हें स्टिअरिक आम्ल, थोडा क्षार व पुष्कळ पाणी यांचें असे. क्षारानें आम्लाच्या कांहीं भागाचा साबण होतो व तोच पाणी आणि स्नेह यांस बांधून ठेवितो. कोंकणांत व गोव्यांत टांचांच्या भेगांस लावितात तें कोकमाचें तेल मात्र शुद्ध स्नेह होय. साध्या हवेंतही घट्ट राहतें म्हणून तें क्रीमसारखें दिसतें इतकेंच. हेंच तेल आज 'गार्सीनिया इंडिका' या शास्त्रीय नांवानें पुष्कळ क्रीमांच्या यादींत आढळतें, पण तेथें तें अनेकांतील एक असतें.

पाणी आलें कीं कुजणें आलें. सुश्रुतानें शिळा लेप लावूं नये असा निषेध केला आहे. जुना उपाय हाच कीं, रोज ताजा लेप उगाळावा. महिनोन्महिने टिकणाऱ्या डबींत तो उपाय चालत नाहीं, म्हणून रक्षकद्रव्य घालावें लागतें. तेव्हां जुन्या लेपांत रक्षकद्रव्य नव्हतें म्हणून तो शुद्ध व क्रीममध्यें आहे म्हणून तें भ्रष्ट, असें म्हणणें न्यायाचें नव्हे. दोन्ही उपाय एकाच दोषावरचे आहेत.

डबीवरील यादीची परिभाषाही समजून घेतली पाहिजे. भारतांत इ. स. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणें एक टक्क्याहून अधिक असलेलीं द्रव्यें उतरत्या प्रमाणानें लिहावीं लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेलीं त्यांच्यामागून वाटेल त्या क्रमानें लिहितां येतात. यावरून एक सोपी कसोटी निघते. एखादें द्रव्य एक टक्क्याच्या आंत आहे असें निश्चित कळलें, तर त्याच्यामागून लिहिलेलें प्रत्येक द्रव्यही एक टक्क्याच्या आंतच असलें पाहिजे. फिनॉक्सीएथॅनॉल या रक्षकद्रव्याची मर्यादा युरोपीय नियमांत एक टक्का आहे. ती मर्यादा पाळणाऱ्या क्रीमच्या वेष्टनावर मंजिष्ठेचें चित्र मोठें असेल, पण यादींत मंजिष्ठ या रक्षकद्रव्याच्या मागें असेल, तर शंभर ग्रॅमच्या डबींत ती फार तर एक ग्रॅम. शार्ङ्गधराच्या लेपांत तीच मंजिष्ठ कोरड्या द्रव्यांचा सातवा हिस्सा होती. दोन्हींत मंजिष्ठ आहे हें खरें. पण तुलना एक ग्रॅमची चौदा ग्रॅमशीं आहे, हें विसरूं नये. तसेंच अधिक प्रमाण म्हणजे अधिक गुण, असेंही यावरून सिद्ध होत नाहीं. सिद्ध होतें तें इतकेंच कीं या दोन वस्तु एक नव्हेत.

हा सारा विचार केवळ पांडित्याचा असता, तर आम्हीं इतका विस्तार केला नसता. परंतु याद्यांतील कांहीं शब्द घातक आहेत. 'रस' म्हणजे अंगरस किंवा पारा. 'नाग' म्हणजे नागकेशर किंवा शिसें. 'ताल' म्हणजे ताड किंवा हरताळ. 'शिला' म्हणजे दगड किंवा मनशीळ. हरताळ व मनशीळ हीं दोन्ही सोमलाच्या जातीचीं खनिजें असून जुन्या त्वग्रोगांच्या लेपांत तीं खरोखरच येतात. युरोपांतही चेहरा गोरा दिसावा म्हणून शिशाचा सफेता शतकानुशतकें लावीत असत. पारा तर अद्याप गेलेला नाहीं. केरळांतील मलप्पुरम जिल्ह्यांत इ. स. २०२१ ते २०२३ या काळांत मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे १५ रुग्ण तेथील वैद्यांनीं तपासले, त्यांपैकीं १३ जण गोरेपणाचीं क्रीमें लावणारे निघाले. अशा क्रीमांतील पाऱ्याकडे त्यांनीं बोट दाखविलें. इ. स. २०१३ च्या मिनामाता करारानें पाऱ्याच्या क्रीमांस बंदी ठरविली व आमच्या इ. स. २०२० च्या नियमांतही पारा हेतुपुरस्सर घालण्यास मनाई आहे; पण ज्या डबीवर यादीच नसते तिला नियम कोठून लागणार? जुना कागद असो वा नवी डबी असो, न कळलेलें एक नांव पुरें होतें.

म्हणून अशा कागदांच्या प्रसिद्धीची रीत ठरविली पाहिजे असें आम्हांस वाटतें. मूळ पाठ जसाच्या तसा छापावा. त्याखालीं प्रत्येक द्रव्याची निघंटूवरून ओळख, वनस्पतीचें अंग, परिभाषेनें येणारा भाग, आधारद्रव्य व लावण्याची रीत हीं निरनिराळीं दाखवावीं. जेथें नांवाचे दोन अर्थ संभवतात तेथें दोन्ही द्यावे. आणि त्यांतील एक विषारी असेल तर तसें ठळक अक्षरांत नोंदावें. ही सूचना आमच्या पदरची नव्हे. गंगाधराच्या 'गंधसारा'ची रचनाच अशी आहे कीं, पहिल्या प्रकरणांत भावन, पाचन, बोध, वेध, धूपन व वासन या क्रियांची परिभाषा, दुसऱ्यांत योग, आणि तिसऱ्यांत निघंटु. योग मध्यें ठेवून त्याच्या दोन्ही बाजूंस परिभाषा व निघंटु असे दोन पहारेकरी त्यानें बसविले आहेत. त्याच विषयावरील 'गंधवाद' या ग्रंथास तर जुनी मराठी टीका आहे. कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं इ. स. १९४५ मध्यें तिचें विवेचन करून तिचा काळ इ. स. १३५० ते १५५० च्या दरम्यान धरला, पुढें इ. स. १९८९ मध्यें हे दोन्ही ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत छापून निघाले. संस्कृत योग मराठी वाचकास टीकेवांचून देऊं नये, ही समज त्या अनामिक टीकाकारास होती.

सुटे कागद संग्रहीं असणाऱ्यांनीं याच रीतीनें एक एक यादी तयार केली, तर थोड्याच काळांत शंभरांवर योगांची तुलना साधार करतां येईल, व कोणतीं द्रव्यें कोणत्या प्रांतांत, कोणत्या आधारांत व किती भागांनीं वापरीत हें कळूं लागेल. तोंवर एकाही लेपास श्रेष्ठ वा कनिष्ठ म्हणण्याची घाई करूं नये, आणि अनुक्त भरून काढल्यावांचून कोणताही लेप कोणाच्या चेहऱ्यास लावूं नये, इतकीच आमची विनंती आहे.