शिष्यवृत्तीची मुदत

पांढुर्णा-सौंसरच्या संत्राबागांत मजुरी करणाऱ्या घरातील पहिला पदवीधर परदेशी शिकावयास जाऊ इच्छितो, तेव्हा त्याने एक इतिहास ध्यानी घ्यावा. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन भीमराव आंबेडकरांना न्यूयॉर्कला धाडले. पुढे लंडनमधील अभ्यास अपुरा असतानाच मुदत संपली; १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. स्वतःची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राचे कर्ज यांच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा गेले व १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. भारत सरकारची परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ मध्ये सुरू झाली. आज तीत भूमिहीन शेतमजुरांची मुलेही पात्र आहेत. दार उघडले आहे. अभ्यास पुरा होईतो ते मिटू नये, एवढेच पाहावयाचे.